डोंगराची मिनिटे

मागल्या महिन्यात पुतण्याने माळ्यावरची ट्रंक रद्दीवाल्यासाठी खाली उतरवली, आणि झाकण उघडताच डांबरगोळ्यांचा उग्र दर्प असा काही अंगावर आला की, आत काय असणार हे पाहण्यापूर्वीच मला ठाऊक झाले. आजोबांची पंचांगे होती ती. एक सहज चाळले, तर प्रत्येक संकष्टीच्या ओळीसमोर, छापील चंद्रोदयाला लागून, शिसपेन्सिलीने बारीक अक्षरांत नोंद केलेली: 'डों. १७', 'डों. १२'.

आमचे घर राजापूर तालुक्यात, डोंगराच्या अगदी पायथ्याशी. पंचांगातला चंद्रोदय सपाट क्षितिजाचा. आमच्या अंगणात चंद्र यायचा तो डोंगर चढून, आणि तो वर्षभर एकाच जागी उगवत नसल्यामुळे व डोंगराची धारही कोठे उंच कोठे सखल असल्यामुळे हा विलंब महिन्यागणिक बदलत असे. आजोबा मामलेदार कचेरीत अव्वल कारकून होते. रुजुवात केल्यावाचून कोणतीही नोंद खरी मानायची नाही हा दफ्तरातला शिरस्ता त्यांनी आकाशालाही लागू केला होता, आणि म्हणून दर संकष्टीला घड्याळ हातात धरून अंगणात उभे राहायचे, चंद्राची कड दिसताच मिनिटे टिपायची, आणि मग त्याच हातांनी पळी उचलून त्याच चंद्राला अर्घ्य द्यायचे, हा क्रम त्यांनी कधी चुकविला नाही. कॉलेजात जाऊन चार बुके वाचलेल्या मी एकदा विचारले, की चंद्र हा दगड आहे हे मान्य असताना हे अर्घ्य कोणाला? "दगड आहे म्हणून तर वेळेवर येतो," ते म्हणाले, "साहेब असता तर तिष्ठत बसलो असतो." आणि त्यांनी हात जोडले.

येथे मला केशव दैवज्ञ आठवतो. का, ते नीटसे सांगता येणार नाही. मुरूड-जंजिऱ्याजवळच्या नांदगावचा हा ज्योतिषी स्वतः वेध घेणारा होता, आणि जुन्या सिद्धांतांचे गणित आकाशाशी जुळेनासे झाले की ते वेधाने सुधारून घ्यावे, असे त्याचे स्पष्ट मत होते. आख्यायिका अशी की, त्याने वर्तविलेले एक ग्रहण चुकले, लोकांत उपहास झाला, तेव्हा तो गणपतीच्या देवळात तपास बसला. गणपतीने दृष्टांत दिला की, मीच तुझ्या पोटी येऊन हे काम करीन. पुत्र झाला तो गणेश दैवज्ञ, ज्याच्या शके १४४२ च्या 'ग्रहलाघवा'ने ज्या-चापांच्या त्रिकोणमितीचे जंजाळ टाळून ग्रहगणित सोपे केले आणि पुढे कित्येक पिढ्या महाराष्ट्राची पंचांगे चालविली. कथा खरी की खोटी हा प्रश्न मला गौण वाटतो. तिच्यातल्या देवाने ग्रहण हलविले नाही, हसणाऱ्यांना शाप दिला नाही. त्याने गणित दुरुस्त करण्याचे पत्करले. जी श्रद्धा घटका-पळांचा आग्रह धरते तिला आकाशाचा दाखला मानावाच लागतो, आणि आमच्याकडे ही गोष्ट नास्तिकांच्या आधी भाविकांना पटली होती.

हल्ली उपासाला पचनशास्त्राचे प्रमाणपत्र मिळवून देणाऱ्या वक्त्यांविषयी माझ्या मनात जी अढी आहे तिचे मूळ बहुधा येथेच असावे. आजोबांना उपास करण्यासाठी जठराची साक्ष कधी काढावी लागली नाही. आणि गणिताची बाब आली की ते देवाची साक्षही काढीत नसत.

शेजारच्या घरात टिळक पंचांग होते. त्याचे राशिचक्र रेवतीच्या योगताऱ्यापासून मोजलेले, म्हणजे अयनांशांत आमच्या पंचांगाहून सुमारे चार अंशांचा फरक; त्यांची मकरसंक्रांत १० जानेवारीच्या सुमाराला येई, आणि दोन पंचांगांचा अधिक मास निराळा पडला की त्या वर्षी त्यांचा गणपती आमच्याआधी महिनाभर येऊन जाई. कुंपणापलीकडे मोदक वाफेवर चढलेले असताना आपण अयनांशांमुळे वंचित आहोत, हे समजण्याचे वय तेव्हा नव्हते, आणि त्या अन्यायाची तकरार मी अजून पुरती मागे घेतलेली नाही.

पण खरा पेच पडे तो श्रावणात. आभाळ गच्च भरलेले, चंद्र दिसण्याची आशा नाही, अशा रात्री छापील वेळ हाच एक आधार. आणि ती वेळ झाली की आजी पाने मांडी. दिवसभर राबून उपाशी राहिलेल्या सुनांचे चेहरे तिला पाहवत नसत. आजोबा मात्र म्हणत, "अजून डोंगराची सतरा मिनिटे बाकी आहेत." चंद्र दिसणारच नसेल तर तो डोंगरावर आला काय आणि पाठीमागे राहिला काय, हा साधा तर्क आजीचा होता, पण तिने तो तसा मांडला नाही.

"काळोखात डोंगर तरी दिसतोय का तुम्हाला?" ती म्हणाली, आणि तिने भात वाढायला घेतला.

आजोबांना यावर उत्तर सुचले नाही. सतरा मिनिटे मात्र ते पाटावर तसेच बसून राहिले. तोवर सुनांची जेवणे आटोपत आली होती.