कोरीवकामाची साक्ष

अमेरिकेत हार्टफर्ड येथे कोल्टच्या कारखान्यात १८७३ साली तयार होऊ लागलेले ‘सिंगल ॲक्शन आर्मी’ रिव्हॉल्व्हर आज संग्राहकाच्या कपाटात विसावले आहे. साध्या नमुन्यापेक्षा कोरीव नमुन्याला कितीतरी अधिक मोल येते; आणि मोलापाठोपाठ लबाडीही ओघानेच येते. साध्या जुन्या शस्त्रावर नवी वेलबुट्टी कोरून ती शंभर वर्षांपूर्वीची म्हणून विकली जाते.

पारखी प्रथम भिंगाखाली धातूच वाचतो. कारखान्यात कोरीवकाम आधी होई, झिलई वा निकेलचा मुलामा नंतर चढे. म्हणून पृष्ठभाग झिजलेला असूनही रेषांच्या कडा धारदार दिसल्या, किंवा एखादी रेषा गंजाच्या खड्ड्यात उतरून पुढे गेलेली आढळली, तर तो हात उत्तरकालीन ठरतो.

मग दप्तराकडे वळावे लागते. अनुक्रमांक कळविल्यास कोल्टच्या जुन्या नोंदींवरून पत्र दिले जाते: शस्त्र केव्हा व कोणाकडे रवाना झाले, झिलई कोणती होती, कोरीवकाम नोंदलेले आहे काय. परंतु ही साक्ष नोंदीची, वस्तूची नव्हे. अनुक्रमांकच खरवडून नवा ठोकला असेल, तर खरे पत्र खोट्या वस्तूची ग्वाही देते. उलटपक्षी, पत्राच्या मौनावरून काम बनावट ठरत नाही. न्यूयॉर्कचे एल. डी. निम्श्के यांच्यासारखे निष्णात कारागीर कारखान्याबाहेर कोरीत. कारखान्याच्या दप्तराला त्यांचा पत्ता नसे. निम्श्के यांनी मात्र आपल्या कामाचे ठसे कागदावर घेऊन वहीत जपले. ती वही १९६५ साली प्रसिद्ध झाली आणि तुलनेला एक आधार मिळाला.

पाठचिकित्सेच्या अभ्यासकाला हा प्रश्न परका नाही. शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला आणि त्यात कोणीही आपली ओवी मिसळू नये असे बजावले. ओवी कितीही सरस असो, तिला त्या पाठात जागा नव्हती.

तरीही उत्तरकालीन कोरीवकाम हा अपराध नव्हे. आजचा कारागीर स्वतःच्या नावानिशी कोरतो, तेव्हा तो एक परंपराच पुढे नेतो. खोटेपणा शिरतो तो नाव दडवून तारीख मागे ढकलणाऱ्याच्या बोलण्यातून. त्यात ग्राहकाचा पैसा जातो, हे सर्वांना दिसते. कोरणाऱ्याचे नावही जाते, याची दखल क्वचितच घेतली जाते. आणि त्याचा हात जितका निपुण, तितका तो अधिक निःशेष पुसला जातो.