नळीतलं मीठ

रत्नागिरीला आमच्या पोलीस लाईनीत पावसाळ्यात मिठाच्या बरणीला रोज पाणी सुटायचं. आई खडे मीठ तव्यावर परतून घ्यायची, बरणीच्या तळाशी फडक्याची घडी घालायची, तरी चार दिवसांनी पुन्हा तेच. बाबा मुख्यालयाच्या शस्त्रागारात आर्मोरर हवालदार होते. त्यांचं आणि आईचं भांडण एकाच गोष्टीशी होतं. आईचं बरणीतल्या मिठाशी, बाबांचं रायफलीच्या नळीतल्या.

गोळीबाराच्या सरावाचा दिवस असला की बाबांना घरी यायला उशीर व्हायचा, आणि मी डबा घेऊन जायची. उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायची मला परवानगी नव्हती. पायरीवर बसून बघायचं. ओट्यावर स्टोव्ह फरफरत असायचा, त्यावर ॲल्युमिनियमची मोठी किटली. सरावावरून आलेल्या थ्री नॉट थ्री ओळीनं भिंतीला टेकलेल्या. बाबा एकेकीचा बोल्ट काढायचे, मागून वाकड्या तोंडाचं नाळकं बसवायचे आणि उकळतं पाणी ओतायचे. पाणी नळीच्या तोंडातून काळपट होऊन बाहेर पडायचं. मग राखाडी, मग स्वच्छ. लोखंड इतकं तापायचं की हात लावता येत नसे आणि त्याच उष्णतेनं नळी आतून आपोआप सुकायची. त्यानंतर पुलथ्रू, म्हणजे टोकाला पितळी वजन बांधलेली दोरी, आणि तिच्या फासात चिंदी. चार इंच बाय दोन इंच, पांढरा फ्लॅनेल, मधे लाल रेघ. तेल सगळ्यात शेवटी.

नवीन शिपाई नेहमी आधी तेलाची बाटली उचलायचा. बाबा ती त्याच्या हातून काढून घ्यायचे. "आधी पाणी. मीठ तेलात विरघळतं का रे?"

हे मीठ नळीत येतं कुठून, ते मला पुढे रसायनशास्त्राच्या तासाला कळलं. जुन्या लष्करी काडतुसाच्या बुडाशी जी टोपी असते, तिच्या मसाल्यात पोटॅशियम क्लोरेट असायचं. ते जळलं की मागे पोटॅशियम क्लोराइड उरतं, आपल्या मिठाचाच सख्खा भाऊ. तो नळीभर पसरतो आणि हवेतलं पाणी ओढत बसतो. रत्नागिरीच्या हवेत त्याला एक रात्र पुरते. तेल लावलं तर मीठ तेलाखाली सुखानं राहतं आणि लोखंड खात राहतं.

गंज मला लहानपणापासून ओळखीचा. आमच्याकडची घरं, गडगे, विहिरी सगळं जांभ्याचं, आणि जांभा म्हणजे गंजलेला दगडच की. लोखंडाच्या ऑक्साइडनं लाल झालेला. कदाचित म्हणूनच मी भूशास्त्राकडे वळले. पुण्याला शिकले आणि १९९६ साली एडमंटनला आले. तीन वर्षांनी ब्रिटिश कोलंबियाच्या उत्तरेला खनिजांच्या शोधाच्या कामावर जायचं ठरलं. दोन-दोन माणसांच्या जोड्या, दिवसभर ओढ्याकाठानं नकाशे करायचे, आणि मुलूख ग्रिझली अस्वलांचा. मिरचीचा फवारा प्रत्येकाच्या कमरेला हवाच, आणि जोडीत एकाकडे बंदूक. कॅम्पवर बंदुका कमी होत्या. ज्याला स्वतःची आणायची त्यानं आणावी, असं सांगण्यात आलं.

मी सुरक्षिततेचा कोर्स केला, परवाना काढला. खिशात शिष्यवृत्तीतून वाचलेले दोनशे डॉलर. तेवढ्यात नवीन शिकारी रायफल येत नव्हती, पण सैन्यांनी मोडीत काढलेल्या जुन्या रायफली येत होत्या. दुकानाच्या मागच्या भिंतीशी त्या उभ्या होत्या. रशियन मोसिन-नागांत स्वस्त आणि दणकट, पण लांबच लांब, झुडपांत अडकणारी. एसकेएस आपोआप भरणारी, चालवायला सोपी, पण तिची गोळी ग्रिझलीसाठी हलकी. आणि तिच्या शेजारी, लाकडाला कुणीतरी कात्री लावलेली, ली-एनफिल्ड नंबर ४, बाबांच्या थ्री नॉट थ्रीच्याच घराण्यातली. मी तिच्यासमोर किती वेळ उभी होते कोण जाणे. परमुलखात गावची बाई भेटावी तसं झालं.

तरी त्या दिवशी मी ती घेतली नाही. बाबांना पत्र टाकलं. उत्तर आलं ते चार ओळींचं. "नळीचं तोंड आधी बघ. दोरी तिरकी ओढणाऱ्यांनी तिथं खाच पाडलेली असते. तसं असेल तर फुकट दिली तरी घेऊ नकोस. बोल्टाचा आणि अंगाचा नंबर एकच आहे ना, बघ. तब्येतीला जप."

तोंडावरची ही खाच समजून घेण्यासारखी आहे. पुलथ्रू सरळ न ओढता खाली झुकवून ओढला की धुळीनं माखलेली दोरी दरवेळी एकाच ठिकाणी घासते. वर्षानुवर्षं. विहिरीच्या काठाला पडतात तशा खाचा पोलादाला पडतात, आणि बाहेर पडणारी गोळी शेवटच्या क्षणी वाकडी होते. म्हणजे जुनी रायफल घेताना आपण आधीच्या हातांची सवय तपासत असतो.

मी पुन्हा गेले. बोल्ट काढला, मागे पांढरा कागद धरला, तोंडातून आत पाहिलं. आटे स्वच्छ होते, कडेला खाच नव्हती. नंबर जुळत होते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या या नमुन्यात एक दुखरी जागा असते. बोल्टाचं डोकं ज्या रुळावरून सरकतं, त्याला पुढे एक खाच ठेवलेली असते. कारखान्याचं काम सोपं व्हावं म्हणून केलेली. तिची कड तुटलेली असेल तर डोकं ऐन वेळी रुळावरून सुटतं. ही कड शाबूत होती. शेवटी एका बंदूक-कारागिराकडून हेडस्पेस मोजून घेतला, म्हणजे मिटलेला बोल्ट आणि काडतुसाचा काठ नळीच्या ज्या कडेला टेकतो ती कड, यांच्या मधली जागा. ०.०६४ इंचाच्या गेजवर बोल्ट मिटला पाहिजे, ०.०७४ च्या गेजवर मिटता कामा नये. जागा जास्त झाली की पुंगळी ताणली जाऊन काठाजवळ फाटते. नंबर ४ मध्ये यावरचा इलाज सोपा ठेवलेला आहे. बोल्टाची सुटी डोकी ० ते ३ अशा मापांत मिळतात आणि मोठ्या नंबराचं डोकं लावलं की जागा भरून निघते. माझ्या रायफलीवर १ नंबरचं होतं आणि तेच बरोबर बसत होतं.

एकशेसाठ डॉलर दिले. कापलेल्या लाकडामुळे ती स्वस्त मिळाली. संग्राहक अशा रायफलीकडे बघतही नाहीत. मला पाव किलो वजन कमी झाल्याचा आनंद होता.

अंगाच्या डाव्या बाजूला कोरलेलं होतं : लाँग ब्रँच, १९४३. टोरांटोच्या पश्चिमेला, आजच्या मिसिसागात, हा कारखाना होता. युद्धकाळात तिथं नऊ लाखांहून जास्त नंबर ४ तयार झाल्या आणि यंत्रांवर मोठ्या संख्येनं बायका होत्या. ज्याच्या नावातलं 'ली' या रायफलीला लागलं तो जेम्स पॅरिस लीसुद्धा स्कॉटलंडात जन्मून ऑन्टारिओतल्या गॉल्ट गावात लहानाचा मोठा झालेला. मी जिला गावची समजत होते ती इथलीच निघाली. दस्त्याच्या मागचं पितळी झाकण उघडलं तर आत तेलाची कुपी आणि गुंडाळलेला पुलथ्रू. इतक्या वर्षांत कुणीतरी तो तिथं परत ठेवत आलं होतं.

पहिली दोन वर्षं मी नवी काडतुसं वापरली. त्यांच्या टोपीत क्लोरेट नसतं, मीठ राहत नाही, साधी सफाई पुरते. मग कॅम्पवरच्या एका म्हाताऱ्या ड्रिलरनं मला जुन्या काडतुसांचं खोकं दिलं. सरावाला वापर म्हणाला. एक हातात घेऊन बूड उजेडात धरलं. 'के' आणि 'एफ'. खडकी. १८६९ सालापासूनचा आमच्या पुण्याच्या वेशीवरचा दारूगोळा कारखाना. कॉलेजच्या दिवसांत लोकलनं शिवाजीनगर सोडलं की येणारं स्टेशन. ते काडतूस मुठीत धरून मी तंबूबाहेर बराच वेळ बसून राहिले.

त्या दिवशी वीस गोळ्या झाडल्या. संध्याकाळी पाऊस लागला, पाय भिजलेले, चूल पेटेना. मी एक तेलाची चिंदी फिरवली आणि झोपले. पाणी उद्या, म्हटलं. दुसऱ्या दिवशी हेलिकॉप्टरनं कॅम्प हलला, आणि उद्याचा परवा झाला. तिसऱ्या दिवशी नळीतून पाहिलं तर आटे नारिंगी. जांभ्याच्या रंगाचे. त्या क्षणी जे वाटलं ते मला अजून नीट सांगता येत नाही. साठ वर्षं अनोळखी माणसांनी जपलेली वस्तू आर्मोररच्या मुलीनं तीन दिवसांत खाल्ली होती. किटल्यांवर किटल्या ओतल्या, पितळी ब्रश फिरवला, गंज निघाला. पण काडतूस बसतं तिथून चार बोटं पुढे एक खड्डा राहिला, मोहरीएवढा. बाबांना मी हे लिहिलं नाही.

बाकीच्या गोष्टी हिवाळ्यानं शिकवल्या. उणे तीसमध्ये बोल्टातलं तेल मधासारखं घट्ट होतं आणि पिन नुसती टेकते, टोपी फुटत नाही. म्हणून ऑक्टोबरनंतर बोल्ट पुसून कोरडा ठेवायचा. गारठलेली रायफल उबदार तंबूत आणली की चष्म्यावर धरतं तसं तिच्यावर आत-बाहेर पाणी धरतं, म्हणून रात्री तिला बाहेरच्या थंडीतच, कुलपात ठेवायचं. फोमच्या पेटीत कधीच साठवायचं नाही, फोम ओल धरून ठेवतो. तोंड खाली करून ठेवलं तर तेल उतरून दस्त्याच्या लाकडात मुरत नाही, नाहीतर लाकूड काळं आणि मऊ पडतं. लाकडाला मात्र जवसाचं तेल. वर्षातून दोनदा, तळहातानं, ऊब येईपर्यंत चोळून. आई जवसाची चटणी पाठवायची त्या डब्याचा वास आणि या दस्त्याचा वास एकच आहे. आणि ते फडकं चुरगाळून कोपऱ्यात टाकायचं नाही. जवसाचं तेल सुकताना तापतं आणि फडकं आपलं आपण पेट घेऊ शकतं. मी पाण्यात भिजवून टाकते.

अस्वलं पुष्कळ पाहिली. एकदाच बोल्ट मिटायची वेळ आली. ओढ्यापलीकडे साठ पावलांवर मादी, मागे दोन पिल्लं. ती मागच्या पायांवर उभी राहिली आणि हवा हुंगू लागली. ली-एनफिल्डचा बोल्ट फार थोडा उचलावा लागतो, डोळा नेमावरून हलत नाही. हात आपोआप चालला. माझा सहकारी शांत आवाजात तिच्याशी बोलत मागे सरकत होता, हातात फवारा तयार. ती खाली बसली, वळली आणि पिल्लांना घेऊन विलोंच्या झुडपांत शिरली. मी काडतूस काढून खिशात टाकलं. आजवर मी एकाही अस्वलावर गोळी झाडलेली नाही, आणि ही मला या रायफलीबद्दल सांगण्यासारखी सगळ्यात चांगली गोष्ट वाटते.

बाबा २००४ च्या उन्हाळ्यात आले. तोवर निवृत्त झाले होते. दुसऱ्याच दिवशी म्हणाले, "दाखव." मी कपाटाचं कुलूप उघडलं, बोल्ट काढून रायफल त्यांच्या हातात दिली. त्यांनी आधी नळीच्या तोंडावरून अंगठा फिरवला. मग दस्त्याचं झाकण उघडून पुलथ्रू बघितला, दोरी ताणून पाहिली. मग खिडकीकडे वळून नळी डोळ्याला लावली आणि सावकाश फिरवू लागले. एका जागी थांबले. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते, हातातलं फडकं विनाकारण पिळत.

"हा कुठला पाऊस?" त्यांनी विचारलं.

मी सगळं सांगितलं. खडकीची काडतुसं, भिजलेले पाय, उद्या. ते काही बोलले नाहीत. रायफल मांडीवर घेऊन थोडा वेळ बसले आणि म्हणाले, "किटली आहे का?"

"पण बाबा, वर्षभर नवीच काडतुसं वापरतेय. मीठ नाहीये आता."

"असू दे."

मागच्या अंगणात आम्ही ती धुतली. नाळकं नव्हतं म्हणून मी प्लास्टिकच्या बाटलीचं तोंड कापून दिलं. त्यांचा हात थोडा कापत होता, पण पाण्याची धार कापली नाही. मग पुलथ्रू त्यांनी माझ्या हातात दिला आणि स्वतः रायफल घट्ट धरून उभे राहिले. "सरळ ओढ. माझ्याकडे बघू नकोस, दोरीकडे बघ."

२००८ च्या नोव्हेंबरात मुंबईवर दहशतवादी हल्ला झाला, त्या रात्री छत्रपती शिवाजी टर्मिनसवर एके-४७ च्या समोर काही पोलिसांच्या हातात हीच थ्री नॉट थ्री होती. मी घाबरून घरी फोन लावला. बाबा बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "पोरं उभी राहिली गं." त्यानंतर रायफलीचा विषय त्यांनी माझ्याकडे कधी काढला नाही. २०१३ च्या पावसाळ्यात ते गेले.

आता मी डोंगरात कमी जाते. हरणांच्या दिवसांत एखादी फेरी, पाच-सहा गोळ्या, त्याही नव्याच. परत आल्यावर बूट काढायच्या आधी किटली चुलीवर ठेवते. अंगणात बर्फ असतो. नळीतून निघालेलं पाणी बर्फाला भोक पाडत खाली जातं, आणि लोखंडातून वाफ निघत राहते. हात लावण्याजोगी झाली की चिंदी घालते, सरळ ओढते, आणि नळी उजेडाकडे धरते. चार बोटं आत, डाव्या अंगाला, तो ठिपका असतो. वाढलेला नाही ना, एवढं बघते.