दोन फेऱ्यांमधील वेळ

मोटारींच्या शर्यतीचें नांव काढतांच वाचकांच्या डोळ्यांपुढें एकमेकींस घांसून धांवणाऱ्या पंधरा-वीस गाड्या उभ्या राहतील. ऑटोक्रॉस नांवाचा खेळ तसा नाहीं. मोकळ्या मैदानांत नारिंगी शंकू मांडून वळणावळणांचा मार्ग आंखतात, त्यावर एका वेळीं एकच गाडी सोडतात, आणि तिची चढाओढ केवळ घड्याळाशीं असते. शंकूस धक्का लागला तर ठराविक सेकंद वेळेंत वाढवितात. आपल्या देशांतील राष्ट्रीय ऑटोक्रॉस स्पर्धा फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडिया या संस्थेच्या नियमांनीं होतात. परंतु आमच्यासारख्या हौशी मंडळींस घरची साधी मोटार, एक हेल्मेट आणि रविवारची सकाळ एवढें पुरतें.

आमचें हें वेड नव्या मुंबईंतलें. १९७० सालीं सिडको स्थापन झाली आणि खाडीपलीकडे भातशेतें व मिठागरें यांच्या शेजारीं नवें शहर आंखलें गेलें. येथील रस्ते इतके रुंद, कीं पामबीच मार्गावर रात्रीं वेगाची हौस भागवूं पाहणारे तरुण निघतातच. त्यांना पोलिसांपेक्षां मैदानच अधिक आवरील असें आमचें मत आहे. पण खाडीची हवा दमट आणि खारट. माणसें तिला सरावतात. यंत्रें सरावत नाहींत.

गेल्या हिवाळ्यांत आम्ही व आमचा धाकटा भाऊ अशा दोघांनीं एकाच गाडीवर नांवें दिलीं होतीं. असें चालतें; मात्र गाडीस विसांवा मिळत नाहीं. पहिल्याच फेरींत उजवीकडील लांब वळणावर इंजिन आंचके देऊं लागलें. परत येतांच सल्लागारांचा गराडा पडला. एक म्हणाले प्लग बदला, दुसरे म्हणाले फिल्टर तुंबला, तिसऱ्यांनीं पंपाचें निदान करून टाकलें. या गृहस्थांविषयीं आम्हांस आदर आहे, पण काय बदलावें हें ठरविण्यापूर्वीं दोष केव्हां दिसतो हें पाहावें, अशी आमची रीत आहे. सरळ मार्गावर आंचके नव्हते. डाव्या वळणावर नव्हते. उजव्या आंखूड वळणावरही नव्हते. कांटा टांकींत पाव भाग पेट्रोल दाखवीत होता. उजवें वळण लांबलें म्हणजे टांकींतील पेट्रोल डावीकडे चढतें आणि तें ओढून घेणाऱ्या नळीचें तोंड क्षणभर उघडें पडतें. आम्हीं पांच लिटर पेट्रोल ओतलें आणि दुसऱ्या कशासही हात लावला नाहीं. प्लगही बदलले असते तर गुण कशानें आला हें कधींच कळलें नसतें. भाऊ पावणेचार किलो वजन वाढलें म्हणून कुरकुरला, पण त्याच्या फेरींत इंजिन एकदांही अडखळलें नाहीं. तो तिसऱ्या क्रमांकावर आला.

दुसऱ्या फेरीनंतर मात्र तो उतरला तो गंभीर चेहऱ्यानें. म्हणाला, "दादा, ब्रेक खालीं जातोय."

इंजिन रुसलें तर सेकंद जातात. ब्रेक रुसला तर काय जाईल हें सांगतां येत नाहीं. आम्हीं बाटलींतील ऑइलची पातळी पाहिली, ती बरोबर होती. चारही चाकांच्या आंतल्या बाजू पाहिल्या, गळती नव्हती. दहा मिनिटांत गाडी निवली आणि पेडल पुन्हां कडक झालें. हें लक्षण ओळखीचें. ब्रेक ऑइल हवेंतील ओलावा शोषून घेतें. डॉट ४ जातीचें ताजें ऑइल २३० अंश सेल्सिअसपर्यंत तरी उकळूं नये असें मानक आहे. ओलावा शिरलेल्या ऑइलकरितां हीच मर्यादा १५५ वर येते. उकळलें कीं वाफ होते, आणि वाफ दाबली जाते. पायाचा जोर चाकापर्यंत पोंचत नाहीं.

"आतां कडक आहे ना? एकच फेरी राहिलीय. जाऊं दे ना, दादा!"

तें कडकपण आरंभरेषेवरचें होतें. शेवटच्या वळणापलीकडे पडलेले शंकू उभे करणारीं कॉलेजचीं मुलें उभीं होतीं. शेजारच्या स्पर्धकानें आपुलकीनें ऑइलची अर्धी बाटली पुढें केली. केव्हां उघडली होती, असें विचारतां "मागल्या गणपतींत" असें उत्तर आलें. पावसाळ्याच्या अखेरीस उघडलेली बाटली आम्हीं आभार मानून परत केली, आणि भावास नाहीं म्हटलें.

त्यानें हेल्मेट काढून बोनेटवर ठेवलें. मग कांहीं न बोलतां मित्राच्या स्कूटरवरून तुर्भ्यास गेला आणि सीलबंद बाटली घेऊन आला. तोंवर बक्षिसें वांटून झालीं होतीं. तिसरा क्रमांक दुसऱ्याच्या नांवावर लागला होता. मैदानाच्या कडेला आम्हीं लांबच्या चाकापासून एअर काढण्यास आरंभ केला. तो आंत बसून पेडल दाबी, आम्ही निपल सैल करून पुन्हां आंवळीत असूं. काळपट चहासारखें ऑइल नळींतून येत होतें. "दाबलंय." "सोड." चारही चाकें होईपर्यंत या दोन शब्दांपलीकडे आमच्यांत बोलणें झालें नाहीं. शेवटच्या चाकाशीं ऑइल स्वच्छ पिवळें आलें, तेव्हां तो खालीं वाकून तें बराच वेळ पाहत राहिला.