बार्शी लाईटची इंजिने आणि त्यांची विलायती भावंडे

बिलोली गावात आजही आगगाडी येत नाही. गाडी धरायची तर धर्माबादचे स्थानक गाठावे लागते. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर निजामाच्या राज्यात हैदराबाद ते मनमाड असा मीटरगेज मार्ग झाला, त्यावरचे हे स्थानक. उदगीर-परळीच्या बाजूला ब्रॉडगेज आले आणि लातूरच्या वाट्याला अडीच फुटी नॅरोगेज. नांदेड-लातूरच्या एवढ्याशा मुलखात रुळांची तीन मापे नांदून गेली.

मीटरगेजवर अखेरच्या काळात धावणाऱ्या वायपी आणि वायजी वर्गांची इंजिने हरियाणातल्या रेवाडीच्या शेडमध्ये जतन केलेली आहेत. तिथे आजही विस्तव पेटतो. लातूरच्या लहान गाडीचे नशीब मात्र वेगळे.

'बार्शी लाईट' ही एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याची निर्मिती. १८८२ मध्ये तो जीआयपी रेल्वेच्या नोकरीत हिंदुस्थानात आला. बार्शीची पेठ कापूस आणि गळिताच्या धान्याची. मुख्य लोहमार्ग मात्र दूर कुर्डुवाडीहून जाणारा. मोठ्या मापाचा फाटा परवडणारा नव्हता. कॅलथ्रॉपने प्रश्न उलटा मांडला: इंजिनासाठी रूळ जाड करण्याऐवजी, हलक्या रुळांना सोसेल असे इंजिनच का बनवू नये? त्याने इंजिन असो वा मालडबा, चाकांच्या कोणत्याही एका जोडीवर पाच टनांहून अधिक भार पडू द्यायचा नाही असे ठरवले. त्यामुळे मीटरला जेमतेम पंधरा किलो वजनाचे रूळ पुरेसे ठरले. लीड्सच्या किटसन कारखान्याने त्यासाठी घडवलेल्या इंजिनाला ओढीच्या चाकांच्या चार जोड्या आणि त्यामागे आधाराच्या दोन होत्या. वजन तेवढेच, पण सहा ठिकाणी वाटलेले. लीड्सजवळ न्यूले येथे खास रूळ अंथरून अभियंत्यांसमोर त्याची परीक्षा झाली आणि १८९७ मध्ये कुर्डुवाडी-बार्शी गाडी सुरू झाली.

पुढे १९०६ मध्ये पंढरपूर, १९११ मध्ये लातूर, १९२७ मध्ये मिरज. ब्रिटिश मुलखातून निघून निजामाच्या हद्दीत शिरणारी ही सुमारे सव्वातीनशे किलोमीटरची खाजगी रेल्वे १९५४ मध्ये सरकारने घेतली. एरवी धान्याचे ओझे वाहणारी ही गाडी वारीच्या दिवसांत वारकऱ्यांची असे.

(विमानातून उडी टाकणाऱ्यासाठी 'गार्डियन एंजल' नावाचे पॅराशूट बनवणारा कॅलथ्रॉपही हाच.)

बार्शीच्या अनुभवावर कॅलथ्रॉपने इंग्लंडमध्ये लीक-मॅनिफोल्ड ही रेल्वे उभारली. ती १९०४ मध्ये सुरू झाली. माप तेच अडीच फुटी, कारखाना तोच किटसन. स्टॅफर्डशायरच्या दरीत धावणाऱ्या त्या दोन इंजिनांच्या कपाळावर हिंदुस्थानी थाटाचे भले मोठे दिवे होते. वसाहतीने मालकाच्या देशाला रेल्वे शिकवल्याचा हा दुर्मीळ दाखला, आणि तो शाळेच्या पुस्तकात असायला हरकत नव्हती. ती रेल्वे तीस वर्षांतच, १९३४ मध्ये बंद पडली आणि दोन्ही इंजिने भंगारात गेली. तरीही तिकडच्या छंदिष्टांनी जुन्या छायाचित्रांवरून आणि आराखड्यांवरून त्यांच्या लहान प्रतिकृती घडवल्या, अजूनही घडवतात. जे भट्टीत वितळले ते टेबलावर धावते आहे.

किटसनच्याच घराण्यातले १८५५ चे 'फेअरी क्वीन' दिल्लीच्या संग्रहालयात मानाने नांदले. १९९७ मध्ये ते पुन्हा वाफेवर धावलेही. राजधानीत ठेवलेले लोखंड वारसा ठरते आणि मराठवाड्यातले लोखंड वजनावर विकले जाते, अशी तक्रार कोणी केली तर तिला उत्तर देणे कठीण आहे. २००७-०८ मध्ये लातूर-कुर्डुवाडी मार्ग ब्रॉडगेज झाला, धाराशिव शहर रेल्वेवर आले. ही सोय आवश्यकच होती. नॅरोगेजसाठी गहिवरणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी त्या गाडीत उन्हाळ्यातला प्रवास केला असेल.

पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय १९९८ पासून आहे. आगगाडीचा छंद मराठी घरात किती मुरू शकतो, हे तिथे दिसते. बार्शी लाईटचे इंजिन घडवण्यास मोठे भांडवलही लागत नाही. खेळण्यांच्या दुकानात मिळणारे साडेसोळा मिलिमीटर मापाचे रूळ घेतले, तर अडीच फुटी गाडी सुमारे शेहेचाळीस पटींनी लहान होऊन त्यावर नेमकी बसते. ओढीच्या चाकांच्या चार जोड्या पुढे, आधाराच्या दोन मागे.