रंकाळ्यावरची चांदी

साखर कारखान्यांचा पट्टा पडला की चांदी रुसायची. हिवाळाभर दावणीत पडणारं उसाचं हिरवं वाडं बंद व्हायचं आणि पुढ्यात कोरडा कडबा यायचा. ती तो हुंगायची, शिंगानं बाजूला सारायची आणि तळ्याकडं तोंड करून उभी राहायची. कोल्हापुरात रंकाळ्याकाठच्या त्या घराचा उन्हाळा असा म्हशीच्या रुसव्यानं सुरू व्हायचा.

चांदी पंढरपुरी जातीची. कपाळावर रुपयाएवढा पांढरा ठिपका, आणि शिंगं मागं वळून पार खांद्यापलीकडं गेलेली. गोठ्यात शिरताना ती मान तिरकी करून आधी एक शिंग आत घ्यायची, मग दुसरं. ही अक्कल यायला वेळ लागला. तोवर दाराची चौकट पुरती सोलून निघाली होती.

म्हशीला घामाच्या ग्रंथी गाईपेक्षा फार कमी. त्यात कातडी काळी आणि केस विरळ. ऊन आत शोषलं जातं, पण घामावाटे अंग निवत नाही. तापलेली म्हैस वैरण कमी खाते, दूध आटवते. माजावर आली तरी ओरडत नाही. या मुक्या माजाचा मालकाला पत्ताच लागत नाही, वेळ टळते आणि पुढचं वेत लांबतं. तेव्हा एप्रिलच्या दुपारी चांदीला तळ्यात सोडणं हे काही तिचे लाड नव्हते. तो घराचा हिशेब होता.

दावं सुटलं की रस्ता तीच दाखवायची. धाकटा नातू नावापुरता मागं. पाण्यात शिरली की नाकपुड्या, डोळे आणि शिंगं तेवढी वर. शिंगावर कोतवाल येऊन बसायचा. ती काठाच्या गवतात चरायला लागली की गायबगळे तिच्या खुरांशी चालायचे, कारण तिच्या पावलागणिक गवतातले टोळ उडायचे. गल्लीतली निम्मी पोरं तिची शेपूट धरून पोहायला शिकली. तिनं कधी कुणाला झिडकारलं नाही. बाहेर काढायला आलेल्या नातवाला मात्र हमखास भिजवलं. काठावरून आजींची हाक यायची, "चांदे, ये की गं भाईर, धारंची येळ झाली!" तरी बाई पाण्यातच.

धार निघायची गंगावेशीच्या कट्ट्यावर. गिऱ्हाइकासमोर म्हैस पिळून धारोष्ण दुधाचा पेला हातात द्यायचा, ही कोल्हापूरची जुनी रीत. मुऱ्हा म्हैस दूध जास्त देईल, पण रस्त्यावरच्या गर्दीत, हॉर्नच्या आवाजात शांतपणे पान्हा सोडावा तो पंढरपुरीनंच. चांदीची तक्रार एकाच गोष्टीची: वळीव गडगडला की ती पान्हा चोरायची. मग तालमीतून आलेले पैलवान रिकामा पेला घेऊन आभाळाला शिव्या घालायचे.

शेणाचीही कामं होती. उन्हाळ्यात शेणी लवकर वाळतात, म्हणून परड्याची भिंत थापून भरलेली असायची. त्यातल्या काही होळीच्या सुमारास पंचगंगेच्या स्मशानभूमीला दिल्या जायच्या. तिथं अंत्यसंस्कार मोफत होतात, आणि त्यासाठी शेणी दान करायची चाल शहरानं जपली आहे.

पुढं रंकाळ्याचं पाणी हिरवं पडू लागलं, केंदाळ माजलं. जनावरं धुण्यावर बोट ठेवलं गेलं. ते अगदीच खोटं नव्हतं. पण नाल्यांतून येणाऱ्या सांडपाण्यापुढं म्हशींचा वाटा तो केवढा? म्हशी दिसायच्या, एवढाच त्यांचा गुन्हा. चांदीचं तळं सुटलं आणि गोठ्यात पाइप आला. पहिला उन्हाळा तिनं भांडून काढला. संध्याकाळी कट्ट्याकडं निघालेली म्हैस मधेच तळ्याकडं वळायची आणि दोघांनी ओढली तरी हलायची नाही. शेवटी म्हातारपणी, भाकड झाल्यावरही घरानं तिला विकलं नाही. ती दावणीतच गेली.

आता तिची नात दावणीत आहे. ठिपका तोच, शिंगं अजून आखूड. तळं तिला रस्त्यावरूनच माहीत, त्यामुळं तिकडं ती ढुंकूनही बघत नाही. दुपारी पाइप लावायला उशीर झाला, की बादली लाथाडून सगळी आळी जागी करते.