ऐकून आलेल्यांचं गाव

भुसावळात राहणाऱ्याला मोठी मैफल ऐकायची असेल, तर आधी गाडी पकडावी लागते. पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव असो, मुंबईच्या षण्मुखानंदमधला कार्यक्रम असो, नाहीतर इंदूर-देवासकडची एखादी बैठक असो, गाणं नेहमी रुळांच्या दुसऱ्या टोकाला असतं. गाड्यांची मात्र आम्हाला कधी ददात नव्हती. मुंबईहून आलेला लोहमार्ग इथे दुभंगतो. एक फाटा नागपूरमार्गे हावड्याकडे जातो, दुसरा खंडवा-इटारसीकडे. पुण्याला न्यायला महाराष्ट्र एक्सप्रेस आहे, झेलम आहे, आझाद हिंद आहे. रेल्वेतल्या माणसाला पास असतो आणि या गावात घराघरांत रेल्वेतला माणूस असतो. त्यामुळे इथे एक वेगळ्या जातीचा रसिक तयार झाला. वर्षातून एखाद-दोन वेळा दूर जाऊन ऐकायचं आणि उरलेलं वर्ष ते सांगायचं, असा त्याचा रिवाज.

मी या सांगण्यावर वाढले. आमच्या क्वार्टरच्या ओळीत एक गार्डकाका राहत. डिसेंबर आला की त्यांची रजेची खटपट सुरू व्हायची. पंडित भीमसेन जोशींनी गुरू सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ 1953 साली सुरू केलेला तो उत्सव पुण्याच्या रमणबागेत, न्यू इंग्लिश स्कूलच्या मैदानावर कितीतरी वर्षं भरत असे. काका वळकटी, कानटोपी आणि दशम्यांचा डबा घेऊन निघायचे. परतल्यावर रात्रपाळीची झोपसुद्धा पुरी करायचे नाहीत. संध्याकाळी ओट्यावर माणसं जमलेली असायची. लोकोशेडमधले दोघे, पार्सल ऑफिसातले एक, शाळेतले एक मास्तर. कुणीतरी विचारायचं, "मग काय झालं भो?" आणि पुढचे दोन-तीन तास रमणबाग आमच्या ओट्यावर यायची.

या ओट्याला न लिहिलेले नियम होते. 'छान झालं' एवढं म्हणून कुणाची सुटका नसे. तानपुरे जुळायला किती वेळ लागला, गवयाने पहिला षड्ज लावला तेव्हा मांडवातली कुजबुज थांबली की चालूच राहिली, विलंबित किती चाललं, तबल्याला कोण होतं, दुसरा राग कोणता निवडला, फर्माईश कुठून आली, हे सगळं सांगावं लागे. मागच्या बाजूला कांबळं पांघरून झोपलेला माणूस नेमक्या कोणत्या जागेला उठून बसला, हे काका इतक्या बारकाईने सांगत की तो माणूस आमच्या ओळखीचा झाला. फिरोज दस्तूर तिथे वर्षानुवर्षं गात. त्यांच्याकडे श्रोते कोणत्या रचनेचा आग्रह धरतात आणि ती सुरू होताच टाळ्या कशा पडतात, हे ज्यांनी दस्तूरांना कधी पाहिलंही नव्हतं त्यांना पाठ होतं. काका गात नसत. हात मात्र हलायचा. एक लांब मींड ते तळहात हवेत सावकाश खाली आणून दाखवायचे. पुढे मी तो राग ऐकला तेव्हा मला स्वराच्या आधी तो हात दिसला. आजही दिसतो.

गाणं सांगता येत नाही, हे ओट्यावरच्या प्रत्येकाला ठाऊक होतं. म्हणून ते त्याच्या आजूबाजूचं सांगत. थंडी, चहा, शेजारी बसलेल्या म्हाताऱ्या बाईंच्या मांडीवर चाललेला ताल, गायक घोट घेण्यासाठी थांबला तेव्हाची शांतता. असं भोवतीचं सगळं सांगून झालं की मधोमध एक जागा रिकामी राहायची, आणि ऐकणारा ती आपल्या मनातल्या सुरांनी भरायचा. मला वाटतं, मैफलीचा खरा वाटा असाच पोचतो. ध्वनिफितीत सूर असतात, पण ते ऐकताना त्या माणसाचं काय झालं, हे सूर ऐकलेला माणूसच सांगू शकतो.

एका वर्षी काका आणि मास्तर दोघेही पुण्याला गेले. परतले ते भांडण घेऊन. संध्याकाळच्या पहिल्या सत्रात एका गायकाने मारवा गायला, असं काकांचं म्हणणं. मास्तर म्हणायचे, पुरिया. संगीत न शिकलेल्याला हे भांडण क्षुल्लक वाटेल, पण ते तसं नव्हतं. दोन्ही रागांचे स्वर तेच आहेत. रिषभ कोमल, मध्यम तीव्र, पंचम वर्ज्य. फरक आहे तो वजनाचा. मारवा रिषभ-धैवताला धरून राहतो आणि षड्जावर टेकायला तयार नसतो. पुरिया गंधार-निषादाच्या आधाराने खोल उतरतो. तेच स्वर तार सप्तकात चढवून नाचवले की सोहनी होते. म्हणजे त्या दोघांनी एकाच मांडवात बसून एकच गाणं ऐकलं होतं, पण एकाच्या कानात धैवताची बेचैनी राहिली होती आणि दुसऱ्याच्या कानात गंधाराचा धीर. काकांच्या घरी त्या वर्षी मुलीच्या लग्नाची जुळवाजुळव मोडली होती. मास्तर नुकतेच आजोबा झाले होते. या गोष्टींचा त्या ऐकण्याशी संबंध होता असं मला वाटतं, त्या दोघांना तो कधी मान्य झाला नसता. वर्तमानपत्रातला वृत्तांत शोधून सोक्षमोक्ष लावणं सहज शक्य होतं. दोघांपैकी कुणीही तो शोधला नाही. त्या वादाच्या निमित्ताने ते रिषभ आणि गंधार यांच्याबद्दल जेवढं बोलले, तेवढ्यात आम्हा मुलांचं अर्धं शिक्षण झालं.

रेल्वेतल्या लोकांना भीमसेनजींबद्दल आणखी एका कारणाने जवळीक वाटे. 1933 साली गुरूच्या शोधात घरातून पळालेला तो अकरा वर्षांचा मुलगा विनातिकीट, गाणी म्हणत, प्रवाशांना आणि तिकीट तपासनिसांना ऐकवत फिरला, ही गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. तो ग्वाल्हेरपर्यंत पोचला. पुण्याकडून ग्वाल्हेरला जायची रेल्वेची वाट मनमाड-भुसावळ-खंडवा अशीच. त्याला खाली न उतरवणारा एखादा तपासनीस आपल्या विभागातला असणार, असा आमच्या ओट्याचा ठाम विश्वास होता. त्या विश्वासाला पुरावा नाही. पण रात्री-बेरात्री हिरवा कंदील दाखवणाऱ्या माणसांना एवढ्या मोठ्या गाण्यात आपला हात लागला असेल असं वाटावं, यात मला फार मोठं सुख दिसतं.

त्या वेळचा उत्सव रात्रभर चालायचा, आणि काकांच्या सांगण्यातला सगळ्यात मोलाचा भाग पहाटेचा असे. मध्यरात्रीचा मालकंस, मग उतरत्या रात्रीचे राग, थंडीने आखडलेले पाय, आणि आकाश फिकट होत असताना लागलेला ललत. सगळ्यात शेवटी सवाई गंधर्वांची भैरवीतली ठुमरी ध्वनिमुद्रिकेवर वाजायची आणि माणसं उठायची. ध्वनिप्रदूषणाचे नियम 2000 साली आले. रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद झाले आणि वर्षातल्या मोजक्या दिवशी फार तर बारापर्यंतची सूट उरली. नियम योग्यच आहे. आजारी माणसाला, परीक्षेच्या पोराला झोप हवी, आणि ललताच्या नावाखाली गल्लोगल्ली काय वाजलं असतं याची कल्पना मला आहे. तरीही गेलं ते मोठं होतं. आता ललत ऐकायचा तर सकाळच्या सत्राला अंघोळ करून, ताजं होऊन जायचं. तो ललत सुंदरच असतो. पण रात्र अंगावर काढून त्याच्यापर्यंत पोचणं, थकलेल्या कानांनी तो दोन मध्यमांचा खेळ ऐकणं, हा अनुभव आता फक्त तेव्हा तिथे बसलेल्यांच्या सांगण्यात शिल्लक आहे. ती माणसं सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. कुणीतरी त्यांच्याजवळ बसलं पाहिजे. घाई न करता, त्यांना हवं तितकं सांगू दिलं पाहिजे.

आमच्याकडचे सगळेच काही ख्यालाचे वेडे नव्हेत. खंडव्याच्या गाडीने जाणारा एक मोठा गट आहे, तो किशोरकुमारवाल्यांचा. खंडवा हे किशोरकुमारचं जन्मगाव. 1987 साली मुंबईत निधन झाल्यावर अंत्यसंस्कारही खंडव्यातच झाले. 4 ऑगस्टला, त्याच्या वाढदिवशी, समाधीवर दूध-जिलेबीचा नैवेद्य असतो आणि दिवसभर माणसं गात असतात. भुसावळहून खंडवा सव्वाशे किलोमीटर, सकाळी जाऊन रात्री घरी येता येतं. या मंडळींची सांगण्याची रीत निराळी. ओट्यावरचे लोक गाण्याभोवतीचं सांगत. हे सरळ गाऊनच दाखवतात. परतीच्या डब्यात एक जण मुखडा उचलतो, दुसरा अंतऱ्यात घुसतो, तिसरा सांगतो की समाधीवर हेच गाणं एका रिक्षावाल्याने कसं म्हटलं, आणि मग त्या रिक्षावाल्याच्या ढंगात ते पुन्हा होतं. कोणत्या गाण्यात श्वास कुठे घेतलाय, याची त्यांची जाण एखाद्या गायनशिक्षकाला लाजवील अशी आहे. त्यांना कमी लेखणाऱ्यांशी मी भांडत आले आहे.

या सगळ्या येण्या-जाण्यात बायका कुठे होत्या? पास कुटुंबाचा असे, पण वळकटी काकांची निघायची. घरात म्हातारी माणसं, मुलांच्या परीक्षा, पाण्याच्या वेळा. आमच्या खानदेशातल्या बायकांचं रात्रभराचं गाणं म्हणजे श्रावणातली कानबाई. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, रोट होतात, रात्र गाणी म्हणून जागवली जाते आणि सोमवारी तिला वाजतगाजत नदीवर नेतात. त्या रात्री ज्या बाईचा आवाज दिवसभर कुणी ऐकलेला नसतो तीसुद्धा पुढे होऊन गाते. या गाण्यांची ताकद कमी समजू नये. लता मंगेशकरांचं आजोळ आमच्या धुळे जिल्ह्यातलं, तापीकाठचं थाळनेर. आजीकडून ऐकलेली गाणी त्यांच्या कानावरचे पहिले संस्कार होते, आणि त्यावर वडील दीनानाथांची तालीम चढली.

माझी आई कानबाईला गायची. ओट्यावर मात्र ती बसत नसे. ती आत, खिडकीजवळ, भरताची वांगी सोलत किंवा धान्य निवडत असे, आणि एकही शब्द तिच्या कानाआड जात नसे. रमणबागेचं फाटक कोणत्या बाजूला, भारतीय बैठक कुठपर्यंत आणि खुर्च्या कुठून सुरू होतात, चहा कुठे मिळतो, हे तिला तिथे पाऊल न टाकता ठाऊक होतं. काका चुकून गेल्या वर्षीचा गायक या वर्षात घालायला लागले की ती आतून दुरुस्ती करायची. तिचं म्हणणं कुणी कधी खोडून काढलं नाही.

तिला पुण्याला न्यायचं ठरवलं तोवर मला नोकरी लागून बरीच वर्षं झाली होती. करोनाची दोन वर्षं महोत्सव झालाच नव्हता. तो पुन्हा सुरू झाला तेव्हा आम्ही गेलो. रमणबागेतून तो 2018 सालीच मुकुंदनगरच्या महाराष्ट्रीय मंडळाच्या मैदानावर गेला होता. आता त्याच्या नावात भीमसेनजीही होते. भव्य मांडव, दोन्ही बाजूंना मोठे पडदे, खाण्याची रांगेने दुकानं. आईने हे सगळं नीट पाहिलं. मग म्हणाली, "इथलं मला काहीच माहीत नाही." तिच्या आवाजात नाराजी नव्हती. काकांच्या डोळ्यांनी पाहिलेलं एक मैदान तिच्याजवळ आधीच होतं. हे दुसरं तिचं स्वतःचं होणार होतं. ती भारतीय बैठकीत पुढे जाऊन बसली, गुडघे दुखत असताना. पडद्याकडे तिने पाहिलं नाही. समोर गायिका एवढीशी दिसत होती, तिच्याकडेच पाहत राहिली. आसपास कित्येक फोन वर धरलेले होते. मीही एकदा धरला. आईने माझ्या मनगटावर हात ठेवला आणि तो खाली केला.

आता जळगावात जानेवारीत बालगंधर्व संगीत महोत्सव होतो, दोन दशकांहून अधिक काळ होत आला आहे. बालगंधर्व, म्हणजे नारायण राजहंस, बालपणी जळगावात राहिले होते, इथेच त्यांचे गाण्याचे पहिले धडे झाले, तेव्हा नावही हक्काचं. भुसावळहून पंचवीस किलोमीटर. आता पास लागत नाही, रजा लागत नाही, बायका ठरवून घोळक्याने जातात आणि रात्रीच्या गाडीने परततात. ही या काळाने आम्हाला दिलेली चांगली गोष्ट. मुंबई-पुण्याची माणसं त्याला छोटा महोत्सव म्हणतील, पण जिथे रसिकाला घरून सहज जाऊन परतता येतं तो महोत्सव माझ्या लेखी मोठा.

काका आता नाहीत. क्वार्टरची ती ओळही पाडली. आम्ही पुण्याहून परतलो त्या संध्याकाळी आमच्या फ्लॅटच्या खाली बाकावर चार-सहा जणी आईची वाट पाहत बसल्या होत्या. त्यांपैकी एकीने रागाचं नाव विचारलं. आईने ते सांगितलं नाही. तिने सुरुवात केली ती भुसावळ स्टेशनपासून. डब्यात कोण भेटलं, पुण्यात थंडी कशी होती, मांडवात शिरताना चपला कुठे ठेवल्या, गायिकेने साडी कोणत्या रंगाची नेसली होती, तानपुरेवाल्या मुलींपैकी एकीचे डोळे मिटलेले का होते. पहिल्या षड्जापर्यंत पोचायला तिला खूप वेळ लागला, आणि त्या बायकांपैकी कुणीही तिला घाई केली नाही.