सामता : खंडेनवमीच्या पाटावरून खाली

मंडळी, लेण्यांच्या धाग्यात आज थोडे विषयांतर. कराडच्या आमच्या घरी खंडेनवमीला पाटावर रंधा, पटाशी आणि वाकस मांडतात. शेजारी एक सामता. अलीकडे विजेच्या ड्रिललाही हळदकुंकू लागते. भोके पाडण्याचे काम मात्र वर्षभर ते एकटेच करते.

सामता म्हणजे लाकडी दांडा, टोकाला पोलादी पाते, डोक्यावर मोकळी मूठ आणि दांड्याला वेढा दिलेली कमानीची दोरी. कमान पुढेमागे ओढली की दांडा उलटसुलट फिरतो. म्हणून पाते भाल्यासारखे, दोन्हीकडून कापणारे. एकाच दिशेने फिरून भुसा वर काढणारे पिळाचे पाते इथे निरुपयोगी. भुसा फुंकूनच काढावा लागतो.

ही युक्ती फार जुनी. बलुचिस्तानातील मेहरगढला सुमारे ९,००० ते ७,५०० वर्षांपूर्वीच्या माणसांच्या ११ दाढांना कोरून भोके पाडलेली आढळली. संशोधकांनी गारगोटीचे टोक लावलेला सामता बनवून पाहिला, तेव्हा तसे भोक एका मिनिटाच्या आत पडले. इजिप्तमध्ये रेखमिरेच्या थडग्यातील भिंतीवर सुतार हेच हत्यार चालवताना रंगवले आहेत. यज्ञातील अग्निमंथनही याच जातीचे. एकाच दिशेने सलग फिरणारा, हाताच्या वळशाचा ब्रेस युरोपीय चित्रांत दिसू लागतो तो पंधराव्या शतकात.

कार्ल्याच्या चैत्यगृहात मुखाचे काम करणाऱ्या धेनुकाकटच्या सामी नावाच्या सुताराचा लेख आहे. लेखातला ‘वढकी’ विदर्भात अजूनही ‘वाढई’ म्हणून नांदतो. आत छताच्या लाकडी कमानी शाबूत आहेत. लेखात नाव आहे, गाव आहे, बापाचेही नाव आहे. हत्यारांविषयी अवाक्षर नाही. मी तो लेख वर्गात वाचला तेव्हा मलाही त्याविषयी विचारावेसे वाटले नव्हते, आणि मी सुताराची नात आहे.

गेल्या वर्षी बहिणीच्या बाळाच्या बारशाला घरचा शिसवी पाळणा माळ्यावरून उतरवला. एक खुंटी निखळलेली. बाबांनी काठाजवळ ड्रिल लावले. वाळलेले लाकूड तडकले. बारसे चार दिवसांवर. आजोबा म्हणाले, “सामता आण.” अर्धांगवायूनंतर त्यांचा उजवा हात चालत नाही, आणि आमच्या घरात मुलींनी हत्याराला हात लावायची रीत नव्हती. क्षणभर कोणीच हलले नाही. मग मीच पाटावरचा तो दांडा उचलला.

आजोबांनी डाव्या तळव्याने मूठ दाबून धरली, मी कमान ओढली. दोनदा दोरी घसरली, एकदा पाते लाकडातच अडकले. दोघांनी मिळून चालवण्याची पद्धत नवी नाही. मोठ्या भोकांना एक दाबी, दुसरा ओढी. पणजोबा बलुत्याच्या काळात तिफणीच्या चाड्याला तीन भोके असेच पाडत, हे आजोबांनी त्या तासाभरात पहिल्यांदा सांगितले. माझ्या वहीत ‘बारा बलुतेदार’ या मथळ्याखाली चार पाने आहेत. त्यांत चाडे नाही.

जुने ते सोने असे मी म्हणणार नाही. स्वयंपाकघराची चाळीस भोके बाबा ड्रिलनेच पाडणार, आणि ते योग्यच आहे. पण जुन्या, काठाजवळच्या लाकडात सामत्याची सावकाशी उपयोगी पडली. तड पुढे गेली नाही, खुंटी बसली.

आजोबांनी भोकावरून बोट फिरवले. “तिरकं गेलंय, पोरी. दोरी ढिली होती.”